यंत्रावरची थट्टा आणि वाणीचा धर्म

थट्टेत बोललेल्या वाक्याला खरेपणाचे बंधन असते का, यावर भारतीय परंपरेत दोन मते आहेत आणि ती एकमेकांना छेद देतात. मज्झिम निकायातल्या अंबलट्ठिक राहुलोवाद सुत्तात गौतम बुद्ध राहुलाला बजावतात की गमतीतसुद्धा खोटे बोलायचे नाही. महाभारताच्या आदिपर्वात शर्मिष्ठा ययातीला नेमके उलटे सांगते. थट्टेतले असत्य बाधत नाही, जिवावर बेतले असता किंवा सर्वस्व लुटले जात असता बोललेलेही बाधत नाही, असे तिचे म्हणणे. कर्णपर्वातल्या कृष्ण-अर्जुन संवादातही ही सवलत येते. आज संगणक, मोबाइल, नवी अ‍ॅप, कृत्रिम बुद्धिमत्ता यांच्या बातम्या आल्या की त्यांवर रोज मते ठोकली जातात, विनोद रचले जातात आणि ते हजारो हातांतून पुढे जातात. हरकत घेतली की ‘गंमत केली’ एवढ्यावर विषय मिटवला जातो. ते उत्तर पुरेसे आहे की नाही, हे ठरवायचे तर हा जुना वाद पुन्हा उघडावा लागतो.

महाभारताने दिलेली सवलत कोणाच्या तोंडी आहे, हे आधी पाहायला हवे. शर्मिष्ठेला ययातीकडून अपत्य हवे आहे आणि ययातीने शुक्राचार्यांना दिलेला शब्द त्याच्या आड येतो आहे. थट्टेतल्या असत्याला माफी सांगणारी व्यक्तीच त्या माफीची लाभार्थी आहे. ययाती तिचे ऐकतो आणि शुक्राच्या शापाने भर तारुण्यात म्हातारा होतो. मौसलपर्वातली गोष्ट याहून कठोर आहे. यादवांची तरुण पोरे सांबाला बाईचा वेष देतात, त्याला विश्वामित्र, कण्व आणि नारद यांच्यापुढे उभे करतात आणि हिला काय होईल असे विचारतात. ऋषी सांगतात की याच्या पोटी लोखंडाचे मुसळ जन्मेल. मुसळाचे चूर्ण करून समुद्रात टाकले जाते, तरी पुढे त्याच शापाने किनाऱ्यावरच्या गवताच्या काड्या हाती घेताच मुसळे होतात आणि यादव एकमेकांना मारून संपतात. महाभारताने थट्टेला दिलेली माफी अशी पात्रांच्या बोलण्यात आहे, कथेच्या परिणामांत ती कुठेच दिसत नाही. या दृष्टीने पाहिले तर व्यास आणि बुद्ध यांच्यातले अंतर वाटते तेवढे मोठे नाही.

हसू कशातून येते, याचे सर्वात नेमके विवेचन नाट्यशास्त्राच्या परंपरेत सापडते. भरताने हास्याचे सहा प्रकार सांगितले आणि ते माणसांच्या प्रकृतीप्रमाणे वाटून दिले: स्मित आणि हसित उत्तमांचे, विहसित आणि उपहसित मध्यमांचे, अपहसित आणि अतिहसित अधमांचे. माणूस स्वतः हसतो ते आत्मस्थ आणि दुसऱ्याला हसवतो ते परस्थ, असाही भेद त्याने केला. पुढे काश्मीरच्या अभिनवगुप्ताने, सुमारे इसवी सन १००० च्या काळात, हास्याचे मूळ अनौचित्यात दाखवले. जिथे जे शोभत नाही ते तिथे आले की हसू येते. या सिद्धांताचा एक परिणाम सहसा कोणी लक्षात घेत नाही. अनौचित्यावर हसणाऱ्याच्या मनात औचित्याची कल्पना आधीच ठरलेली असते, आणि प्रत्येक विनोद ऐकणाऱ्याकडून ती मान्य करून घेतो. यंत्रापुढे गोंधळलेल्या माणसावर जो हसतो, त्याने यंत्र जागेवर आहे आणि माणूस जागा चुकला आहे असा निवाडा देऊन टाकलेला असतो. ‘नुसता विनोद’ म्हणून जे सोडून दिले जाते, त्यात असे एक विधान दडलेले असते, आणि ते खरे की खोटे हे तपासता येते.

सभापर्वातली मयसभा हे याचे सर्वात जुने उदाहरण मानता येईल. खांडववनाच्या आगीतून वाचलेल्या मय दानवाने पांडवांसाठी बांधलेली ती सभा म्हणजे त्या काळच्या शिल्पविद्येचे शिखर. तिथे दुर्योधन स्फटिकाच्या जमिनीला पाणी समजून वस्त्र वर घेतो, पाण्याला जमीन समजून त्यात पडतो, बंद दाराला उघडे समजून कपाळ आपटून घेतो. भीम हसतो, सेवक हसतात. हस्तिनापुरास परतल्यावर दुर्योधन बापाला सांगतो की द्रौपदीही इतर स्त्रियांसह हसली. ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ हे द्रौपदीचे म्हणून घरोघरी सांगितले जाणारे वाक्य मात्र पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीच्या संहितेत नाही. एका हसण्यावर पुढच्या सांगणाऱ्यांनी वाक्य चढवले आणि ते एका स्त्रीच्या नावावर कायमचे जमा झाले. सहज बोलणे हातोहात जाताना कसे वाढते आणि त्याचा भार कोणावर पडतो, हे या एका वाक्यावरून कळते.

दुर्योधनाविषयी कोणाला जिव्हाळा नसतो, म्हणून या प्रसंगातला दुसरा मुद्दा नजरेतून निसटतो. पाणी जमिनीसारखे आणि जमीन पाण्यासारखी दिसावी अशीच ती सभा बांधलेली होती. पडणाऱ्याचा दोष त्यात किती? सॉफ्टवेअरच्या जगात हा प्रसंग रोज घडतो. वापरणाऱ्याच्या चुकांवरचे विनोद हा या व्यवसायाचा सर्वात जुना साठा आहे. बिघाड यंत्रात नाही, खुर्ची आणि कीबोर्ड यांच्यामध्ये बसलेल्या प्राण्यात आहे, हे वाक्य मदतकेंद्रांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. डोनाल्ड नॉर्मन या अभ्यासकाने १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या रोजच्या वस्तूंच्या रचनेवरील पुस्तकात याची उलट बाजू मांडली. दार ढकलायचे की ओढायचे हे कळत नसेल तर दोष दाराचा आहे, आणि लोक वारंवार चुकत असतील तर ती चूक रचनेने घडवून आणलेली असते. नीतीच्या भाषेत सांगायचे तर वापरणाऱ्यावरचा विनोद पुष्कळदा खोटी साक्ष असतो, कारण तो दोष भलत्याच्या माथी मारतो.

याच व्यवसायाची दुसरी बाजू निर्मळ आहे आणि तिचा गौरव करायला हवा. इंटरनेट चालवणारे तांत्रिक मसुदे लिहिणाऱ्या मंडळींनी १ एप्रिलला थट्टेचा मसुदा काढण्याची रीत पाडली. १ एप्रिल १९९० च्या मसुद्यात संगणकांमधला संदेश कबुतरांच्या पायाला बांधून कसा पाठवावा, याचे नियम पूर्ण गांभीर्याने लिहिलेले आहेत. नॉर्वेतल्या बर्गेनच्या संगणकप्रेमींनी २८ एप्रिल २००१ रोजी तो प्रयोग खरोखर केला. नऊ संदेश पाठवले, चारांची उत्तरे आली, आणि एकेका उत्तराला तासाच्या आसपास किंवा त्याहून अधिक वेळ लागला. इथे हसणारे स्वतःच्याच कामाला हसत होते. आपल्या नियमांच्या जडपणाकडे त्यांनी स्वतः बोट दाखवले, कोणाचे काही हिरावले नाही, आणि तारखेवरूनच ही थट्टा आहे हे ओळखता येत होते.

ओळखता येणे ही गोष्ट मामुली नाही. १९८२ साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकावरून चाललेल्या गप्पांत कोणीतरी गमतीने लिहिले की भौतिकशास्त्राच्या प्रयोगामुळे एका लिफ्टमध्ये पारा सांडला आहे. मागचे संभाषण न वाचलेल्यांना ती खरी सूचना वाटली. या गोंधळानंतर १९ सप्टेंबर १९८२ रोजी स्कॉट फालमन यांनी सुचवले की थट्टेच्या मजकुराला दोन बिंदू, आडवी रेघ आणि कंस यांचे आडवे हसरे तोंड जोडावे. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या हसऱ्या चेहऱ्यांचा उगम हा असा एका गैरसमजात आहे. समोरासमोर बोलताना आवाज, डोळे, ओठांची हालचाल यांवरून थट्टा कळते. लिहिलेल्या वाक्याला हे काहीच नसते, म्हणून खूण वेगळी जोडावी लागते. ती जोडण्याचे काम बोलणाऱ्याचे आहे, हे फालमन यांच्या सूचनेत गृहीत आहे.

खुणेचा हा धर्म पालघर जिल्ह्याच्या जव्हार-मोखाडा भागात बोहाड्याच्या रूपाने जुन्या काळापासून पाळला गेला आहे. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर आणि कातकरी यांची ही वस्ती.   होळीच्या सुमारास आणि नंतरच्या उन्हाळ्यात गावोगाव जगदंबेच्या नावाने बोहाडा होतो. गणपती, शारदा, रावण, नरसिंह, राक्षस आणि प्राणी यांचे मुखवटे चढवून सोंगे संबळ-सनईच्या तालावर रात्रभर नाचत येतात. शेवटी देवी येते आणि महिषासुराचा वध होतो. मुखवट्यांना पूजेचा मान असतो. सोंगाला जी मोकळीक असते ती ठरलेल्या रात्रीपुरती, ठरलेल्या वाटेपुरती आणि पाहणाऱ्या गावासमोरची असते. राक्षस अंगावर धावून आला की मूल आईच्या कुशीत शिरते आणि तिथून हसते, कारण हे सोंग आहे हे त्याला आईच्या चेहऱ्यावरून कळते. शिवाय मुखवट्याखाली कोण आहे हे गावाला ठाऊक असते. मर्यादा, खूण आणि उत्तरदायित्व या तिन्ही गोष्टी एकत्र असल्यामुळेच तिथे भीती आणि हसू देवीच्या दारात एकत्र नांदू शकतात.

मोबाइलवरून पुढे जाणाऱ्या मजकुरात या तिन्ही गोष्टी गळून पडतात. २०१८ साली मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा देशभर पसरल्या. त्या वर्षी फिरलेली एक चित्रफीत मुळात कराचीतल्या एका संस्थेने बालसुरक्षेच्या जागृतीसाठी बनवली होती. मोटारसायकलवरून आलेले दोघे मूल उचलतात, नंतर ते परत आणून सोडतात आणि शेवटी पालकांसाठी सूचनेचा फलक दाखवतात. फिरणाऱ्या फितीत शेवट कापलेला होता, म्हणजे सोंग ठेवून सोंगाची खूण तेवढी काढून टाकली होती. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा इथे बाजाराच्या दिवशी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार केले. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातच, डहाणू तालुक्यातील गडचिंचले इथे, चोर आणि मुले पळवणारे फिरत असल्याच्या अफवांच्या वातावरणात दोन साधू आणि त्यांचा चालक यांचा जमावाने जीव घेतला. व्हॉट्सअ‍ॅपने जुलै २०१८ मध्ये भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार फिरलेल्या संदेशासाठी ती एकावर आणली. पुढे पाठवण्याच्या कृतीला वजन असते, ही कबुली त्या निर्णयांत आहे. या दोन्ही ठिकाणी मेलेल्यांच्या वतीने विचारले तर ‘मी फक्त पुढे पाठवले’ या वाक्याला कोणतेही धर्मशास्त्र माफी देणार नाही.

प्राणहानीपर्यंत न जाणाऱ्या साध्या विनोदांचा विचार याहून अवघड आहे, कारण त्यांची किंमत डोळ्यांना दिसत नाही. ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य घ्यावे. पुण्यातल्या हिंजवडीच्या कार्यालयात ते ऐकू आले की कोणी चहाला उठतो, कोणी त्यावर चित्र बनवून मित्रांना पाठवतो. हसणे तिथे योग्यच आहे, कारण बिघाड त्यांचा आहे आणि दुरुस्तीही तेच करणार आहेत. डोंगरातल्या रेशन दुकानात हेच वाक्य उच्चारले गेले की त्याचा अर्थ त्या दिवशी धान्य नाही असा होतो. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात दिला गेला. नंतर रेशनच्या ई-पॉस यंत्रावर अंगठा लावणे ही ओळख पटवण्याची रीत झाली. जव्हार-मोखाड्यातली अनेक कुटुंबे दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जगायला जातात. माती आणि विटा हाताळून बोटांच्या रेषा झिजतात आणि यंत्राला अंगठा कळेनासा होतो. रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मोबाइल अ‍ॅपवर दिवसातून दोनदा छायाचित्र काढून हजेरी घेणे सक्तीचे झाले. डोंगराआड नेटवर्क नसले की दिवसभर खोदलेली माती हजेरीत उतरायला अडचण येते.

फ्रेंच तत्त्वज्ञ आन्री बर्गसाँ यांनी १९०० साली हास्यावरच्या ग्रंथात लिहिले की जिवंत माणूस यंत्रासारखा वागू लागला की हसू येते. यंत्रावर पुन्हा पुन्हा अंगठा टेकवणारी, पुसून परत टेकवणारी म्हातारी या व्याख्येत तंतोतंत बसते. पण तिला यंत्रासारखे वागायला यंत्राने भाग पाडले आहे. बर्गसाँच्या सूत्रात ही शक्यता धरलेली नाही आणि त्यामुळे ते इथे अपुरे पडते. खेड्यातल्या माणसाला मोबाइल कळत नाही, या धर्तीचे जे विनोद शहरात चालतात, त्यांना अभिनवगुप्ताची कसोटी लावली की ते खोटे ठरतात. अनौचित्य झिजलेल्या बोटात नाही. झिजणाऱ्या बोटांच्या माणसांसाठी बोटाचीच खूण निवडणाऱ्या योजनेत ते आहे.

मतांचेही असेच आहे. मत सहज दिलेले असले तरी ते देणाऱ्याच्या स्थानावरून त्याचे वजन ठरते. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी एका मुलाखतीत देशातल्या तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे मत मांडले. त्यावर विनोदांचा पूर आला, मराठीतही आला. ते विनोद करणारे बहुतांश पगारदार होते आणि ज्याच्यावर हसत होते ते मत त्यांच्याच दिवसांविषयी होते. अशा हसण्याला परंपरेचा आधार आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १० जून १८९० पासून मिळाली. तिच्यामागे ‘दीनबंधू’कार नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून चालवलेली चळवळ होती. भारताच्या १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याचे ४८ तास ठरवले. इतक्या कष्टाने मिळालेली मर्यादा एका वाक्यात ओलांडली जाताना दिसली की ज्यांच्याकडे दुसरे हत्यार नाही ते हसतात, आणि त्या हसण्यात सत्य असते.

विनोदाला एवढ्या कसोट्या लावल्या तर तो मरून जाईल, असा आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. समर्थ रामदासांनी दासबोधात विनोदाची आवड टवाळांच्या पदरात टाकली, तिथे श्रोत्यांच्या निरनिराळ्या आवडींचा विषय चालू होता. तेवढ्यावरून मराठी संतांना हसण्याचे वावडे होते असे मानणे चूक ठरेल. एकनाथांनी भारुडांसाठी जोशी, वासुदेव, गोंधळी अशी समाजाच्या ओळखीची सोंगे घेतली, विंचू चावल्याची तारांबळ रंगवली आणि श्रोत्यांना हसवत हसवत काम-क्रोधाच्या विषापर्यंत नेले. त्यांच्या विनोदात दंश झालेल्याची कुचेष्टा नाही, कारण तो विंचू ऐकणाऱ्या प्रत्येकाला चावलेला आहे. ॲरिस्टॉटलनेही निकोमाखसच्या नीतिशास्त्राच्या चौथ्या भागात प्रसंगोचित विनोदबुद्धीला सद्‌गुणांत स्थान दिले आणि विदूषकी व रुक्षपणा ही तिची दोन टोके सांगितली. कसोट्यांनी विनोद मरत नाही, हे सोळाव्या शतकातली भारुडे आजही उभ्या महाराष्ट्रात रंगतात यावरून सिद्धच आहे.

बुद्धांचा राहुलाला दिलेला उपदेश शेवटी बोलण्याच्या आधी, बोलताना आणि बोलल्यानंतर असे तीनदा तपासायला सांगतो: यातून स्वतःला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही पीडा होते का? तंत्रज्ञानावरच्या थट्टेला हीच तपासणी लावावी. स्वतःच्या कामाला हसणारा अभियंता तिच्यात उतरतो, वरून आलेल्या फर्मानाला हसणारा कामगारही उतरतो. रेशनच्या रांगेतल्या अंगठ्याला हसणारा उतरत नाही, आणि खूण कापलेली चित्रफीत पुढे ढकलणारा तर मुळीच उतरत नाही. त्या रांगेविषयी काही पुढे पाठवायचेच असेल, तर वाचकांनी हे पाठवावे: केंद्राच्या अन्न व सार्वजनिक वितरण विभागाने २४ ऑक्टोबर २०१७ रोजी सर्व राज्यांना कळवले आहे की आधार जोडलेले नाही, अंगठा जुळत नाही किंवा नेटवर्क नाही म्हणून कोणत्याही पात्र कुटुंबाचे धान्य अडवायचे नाही, अशा वेळी वेगळी नोंद करून धान्य द्यायचे.